आधी कॅमेऱ्याची फाईल बघ, मग प्रोसेसर निवड

पत्र

ताई, नमस्कार. मी कागलची. दादा लग्नाचं शूटिंग करतो आणि मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओ कापणं-जोडणं, मी घरी बसून करते. माझा कॉम्प्युटर जुना आहे, आय५-४४६० आणि ८ जीबी रॅम. कॅनन २००डी होता तोवर सगळं नीट चालायचं. आता दादानं सेकंडहँड सोनी ए७ फोर घेतलाय. त्याची क्लिप प्रीमियरच्या (एडिटिंगचा प्रोग्रॅम) टाइमलाइनवर टाकली की दोन सेकंद चालते आणि अडकते. मॉनिटर आहे, बाकीच्यासाठी साठ हजार जमवलेत. कोल्हापूरला राजारामपुरीतल्या एका दुकानानं आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड असं कोटेशन दिलंय. दादाचा मित्र म्हणतो, "आय सेव्हनच घे, हप्त्यावर घे, नाहीतर पुढच्या वर्षी परत रडशील." आणखी एकानं १४ कोअरचा जुना झिऑन प्रोसेसर सुचवला, तो सगळ्यात स्वस्त पडतोय. तुळशीचं लग्न झालं की आमची कामं सुरू होतात. चूक झाली तर परत पैसे उभे करायला वर्ष जाईल. काय घेऊ?

उत्तर

बाळ, तुझी घाई मला कळते, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं नंतर सांगते. आय५-१२४०० घे. पण नावाच्या शेवटी 'एफ' नसलेला. कार्ड आत्ता घेऊ नकोस. ते पैसे रॅम आणि एसएसडीत घाल. हप्ता काढू नकोस, आणि तो झिऑन कितीही स्वस्त असला तरी घरात आणू नकोस.

आता कारणं. आपल्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे जाऊन "कोणती मशीन चांगली?" असं विचारलंस तर तो उलट विचारेल, "जॉब काय आहे?" तुला सल्ला देणाऱ्या तिघांपैकी एकानंही जॉब विचारला नाही. तूही पत्रात तो एका ओळीत उरकलास, पण सगळं दुखणं त्याच ओळीत आहे. कॉम्प्युटर एका रात्रीत म्हातारा झालेला नाही. कॅमेरा बदलला म्हणून तो अडकायला लागला.

२००डी फुल एचडी फाईल देत होता, एच.२६४ या दाबायच्या पद्धतीत, ८ बिटची. तुझ्या आय५-४४६०मध्ये चार कोअर आहेत, तो २०१४ सालचा आहे, आणि ती फाईल त्याला सहज झेपत होती. ए७ फोर ४के देतो. ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २० कोटी ७३ लाख पिक्सेल दर सेकंदाला पडद्यावर मांडायचे. एवढा माल कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर जसाच्या तसा मावणार नाही, म्हणून कॅमेरा तो दाबून भरतो. १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंग जास्त बारकाईनं नोंदवणाऱ्या सेटिंगवर, दादा शूट करत असेल (त्या कॅमेऱ्यात बहुतेक जण तेच लावतात), तर मूळ चित्र सेकंदाला ४,१०० मेगाबिटच्या वर जातं आणि कॅमेरा ते १४० मेगाबिटमध्ये बसवतो. म्हणजे जवळजवळ तीसपट दाबलेलं. तू टाइमलाइनवर प्लेहेड ठेवतेस तेव्हा ते दाबलेलं परत उलगडावं लागतं, तेही डोळ्याला थांबल्यासारखं वाटू न देता.

उलगडणं अवघड का होतं, तेही सांगते. या फाईलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. वाण्याच्या वहीत पहिल्या तारखेला पूर्ण बाकी मांडलेली असते आणि नंतर रोजचा फक्त फरक लिहिलेला असतो, तसं हे. तेवीस तारखेची बाकी हवी असेल तर पहिल्या तारखेपासून बेरीज करत यावं लागतं. तू अक्षतांच्या क्लिपमध्ये मधेच कुठेतरी क्लिक करतेस, मागे येतेस, पुन्हा पुढे जातेस. तेव्हा मशीन दर वेळी वही त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वाचत असतं. कट मारायच्या कामात हेच दिवसभर चालतं. फिल्टर, टायटल, रंग ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

आता गुऱ्हाळ डोळ्यापुढे आण. तुमच्या कागल भागात ते मी तुला सांगायला नको. उसाचा रस काढायला चरक असतो. चरक नसताना वीस माणसं ऊस ठेचत बसवलीस तरी काहील भरणार नाही, आणि माणसं दमतील ती वेगळीच. प्रोसेसरमधले कोअर ही माणसं. आणि व्हिडिओ उलगडायचा चरक हा चिपमधला वेगळा, छोटा भाग असतो, तो दुसरं काही करतच नाही. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात, आणि तो चिपच्या आतल्या ग्राफिक्समध्ये बसवलेला असतो. आतलं ग्राफिक्स बंद म्हणजे चरकही बंद.

नावाच्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ तोच. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत कोअर सारखेच, सहा. थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) सारखेच, बारा. वेग सारखाच. दोन्ही जानेवारी २०२२मध्ये आले. फरक एवढाच की 'एफ'मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. गेम खेळणाऱ्या पोरांना तो चालतो, त्यांच्याकडे मोठं कार्ड असतंच. दुकानदार 'एफ' लावतो तो तुला फसवायला नव्हे. त्याच्याकडे रोज गेमवाले येतात आणि त्याच्या डोक्यात तेच कोटेशन तयार असतं. पण मिक्सिंगवालीनं 'एफ' घेणं म्हणजे गुऱ्हाळ घालून चरक विसरणं.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या खोलीतलं दुसरं मशीन असेंबल करताना मी बिलावरचं ते एक अक्षर वाचलं नाही. महिनाभर मी ड्रायव्हर बदलत बसले, विंडोज परत टाकलं, रॅम बदलून बघितली. दोन लग्नं उशिरा गेली. त्यातल्या एका नवरीच्या आईला मी तोंड कसं दाखवलं ते माझं मला माहीत. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून इतकं लांबवते आहे.

"पण कार्ड आहे ना सोबत?" असं तू म्हणशील. चरक कार्डातही असतो, बरोबर. आरटीएक्स ३०५० साध्या ८ बिटची एच.२६४ फाईल उलगडतं, एच.२६५ या नव्या पद्धतीची १० बिट ४:२:० फाईलही उलगडतं. ४:२:२ मात्र उलगडत नाही. एनव्हिडियानं ती सोय २०२५मध्ये आलेल्या ५० मालिकेच्या कार्डांपासून दिली. एएमडीच्या रायझनमध्ये जे आतलं ग्राफिक्स येतं, त्यातही ४:२:२ची सोय नाही. इंटेलच्या डेस्कटॉप चिपमध्ये मात्र ११व्या पिढीपासून एच.२६५ची १० बिट ४:२:२ फाईल चरकात जाते. म्हणजे तुझ्या हातात आलेलं कोटेशन, 'एफ'चा प्रोसेसर आणि ते कार्ड, ही नेमकी अशी जोडी आहे की तुझ्या दादाची फाईल दोघांपैकी कुणालाच घेता येणार नाही. साठ हजार घालून क्लिप अडकतच राहिली असती. सहा नव्या कोअरच्या जोरावर आजच्याइतकी नाही, पण अडकलीच असती.

या आकड्यांचा अर्थही एकदा समजून घे. ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिट म्हणजे १,०२४. ४:२:२ मध्ये रंगाची नोंद ४:२:०च्या दुप्पट असते. हळदीचा पिवळा, शालूचा डाळिंबी, संध्याकाळच्या वरातीतलं आकाश, हे नंतर रंगवताना फुटत नाही ते याच्यामुळे. ही चैन नाही, चांगल्या कामाला त्याचा उपयोग होतो. फक्त ती कुठे लावायची ते ठरवावं लागतं.

आणि इथे तुला एक पैसा न घालता करायचं काम आहे. प्रोसेसर घेण्याच्या आधी ते कर. आज रात्री दादाला कॅमेऱ्याचा मेन्यू उघडायला सांग. त्यात फाईल फॉरमॅटमध्ये एक्सएव्हीसी एस आणि एक्सएव्हीसी एचएस असे पर्याय आहेत. एस म्हणजे एच.२६४, एचएस म्हणजे एच.२६५. मेख अशी की एच.२६४मधली १० बिट ४:२:२ फाईल या इंटेल चिपचा चरकसुद्धा घेत नाही. त्यामुळे दादा एक्सएव्हीसी एसमध्ये १४० मेगाबिट, ४:२:२, १० बिट लावून बसला असेल, तर मी सांगितलेला प्रोसेसर आणूनही ते ओझं सगळं कोअरवरच पडणार. तसं असेल तर काम वाटून घ्या. विधी, अक्षता, आहेर, पंगत, म्हणजे तासन्‌तास चालणारं जे काही आहे, ते एक्सएव्हीसी एसमध्ये ४:२:०, ८ बिट, १०० मेगाबिटवर काढा. त्यात एस-लॉग (नंतर रंगवण्यासाठी फिक्कं चित्र देणारी सोनीची सेटिंग) लावू नका. ८ बिटमध्ये लॉग ताणला की आकाशात आणि भिंतीवर पट्टे दिसतात. हायलाइट, कँडिड, वरात, जिथे रंगावर खेळायचं आहे आणि स्लो मोशन हवं आहे, ते एचएसमध्ये १० बिट ४:२:२वर. एचएसमध्ये ४केला २५ फ्रेम मिळत नाहीत, ५०च घ्यावे लागतात, आणि ५०ला या कॅमेऱ्यात चित्र दीडपट कापलं जातं. म्हणजे मंडपात दादाला दोन पावलं मागे सरकावं लागेल किंवा रुंद लेन्स लावावी लागेल. ते त्याला आधी सांग, नाहीतर ऐन मुहूर्तावर भांडण.

दादा नेमकं काय लावतो हे त्याला आठवत नसेल तर मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाक. त्यात क्लिप उघडली की कोडेक (दाबायची पद्धत), बिट आणि ४:२:० की ४:२:२ हे सरळ लिहून येतं. या धंद्यात पत्रिका न बघता लग्न ठरवणारे पुष्कळ भेटतात. फाईलची ही पत्रिका मात्र बघायलाच हवी.

आता दादाच्या मित्राचा आय सेव्हन. त्याला वाईट म्हणू नकोस, तो तुझ्या काळजीनंच बोलतो. पण नुसत्या 'आय सेव्हन' म्हणण्यानं काही कळत नाही, पिढी सांगायला हवी. २०१७चा आय७-७७०० चार कोअर आणि आठ थ्रेडचा होता. २०२२चा आय३-१२१००सुद्धा चार कोअर, आठ थ्रेडचाच, आणि तो त्या आय सेव्हनच्या पुढे जातो. तेव्हा जुन्या बाजारातला आय सेव्हन हा मोठेपणा फक्त नावात. नवा आय७-१२७०० खरंच दणकट आहे, १२ कोअर, २० थ्रेड. पण तो जास्तीचा जोर तुला कुठे जाणवेल? शेवटच्या एक्सपोर्टला, आणि काही जड इफेक्टला. एक्सपोर्ट आपण जेवून झोपायच्या आधी लावतो. ते दोन वाजता संपलं काय आणि साडेतीनला संपलं काय, सकाळी चहाच्या वेळी फाईल तयारच असते. दिवसभर जे काम हातानं चालतं, बघणं, निवडणं, कापणं, जोडणं, त्यात चरक तोच लागतो. आणि त्यासाठी सीझनच्या तोंडावर हप्ता डोक्यावर घ्यायचा? एखाद्या गिऱ्हाइकानं बाकी थकवली तरी हप्त्याची तारीख पुढे जात नाही. तू अजून या धंद्यात पाय रोवते आहेस. मला हे पटत नाही.

मोठ्या चिपांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण पुढे कधीतरी तू तिकडे वळशील. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप चिपमध्ये २०२४ साली मोठं दुखणं निघालं. जास्त व्होल्टेजनं चिप आतून खराब होत होती आणि मशीन अवेळी बंद पडत होतं. कंपनीनं मायक्रोकोडचं (चिपच्या आतल्या सूचना) अपडेट काढलं, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीला हा त्रास नाही. आय५-१२४०० मला तुझ्यासाठी बरा वाटतो त्याचं हेही एक कारण आहे. पुढे त्याच मदरबोर्डवर जुन्या बाजारातून १३वा किंवा १४वा आय सेव्हन बसवावा वाटला, तर आधी बायॉस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करून घ्यायचं. हे दुकानदाराकडून लिहूनच घे.

झिऑनचं काय ते सांगते. १४ कोअर म्हणाला म्हणजे बहुधा ई५-२६८० व्ही४ असणार. तो २०१६चा, सर्व्हरमधून काढलेला, १४ कोअर, २८ थ्रेड, आणि सोबत नाव नसलेला बोर्ड. त्याला वेग साधारण २.४ ते ३.३ गिगाहर्ट्‌झ. आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे चरक नाही. १२० वॅट खातो, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत ती उष्णता तुझ्याच अंगावर येणार. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बोर्ड गेला तर बदली सहज मिळत नाही. कुणाला रात्रंदिवस थ्रीडी रेंडर करायचं असेल तर त्यानं विचार करावा. तुझा जॉब तो नाही.

रायझनबद्दल तू विचारलं नाहीस, पण दुकानात गेलीस की कुणीतरी सुचवेलच. चिप वाईट नाहीत, उलट पैशाच्या मानानं ताकद चांगली असते. रायझन ५ ५६०० सहा कोअरचा आहे, बोर्ड स्वस्त, आणि मी एका पोराला तो घ्यायला लावला होता. पण तो पोरगा डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग प्रोग्रॅमवर काम करतो, ८ बिटमध्ये शूट करतो, आणि त्याच्याकडे चांगलं कार्ड आधीपासून होतं. रिझॉल्व्ह बराचसा भार कार्डावर टाकतं, त्यामुळे त्याचं गणित वेगळं. ५६००मध्ये आतलं ग्राफिक्स अजिबात नाही, ५६००जीमध्ये आहे. रायझन ५ ७६०० नवा आहे, त्याचा सॉकेट (बोर्डवरची चिपची जागा) पुढेही चालणार आहे, छोटं ग्राफिक्सही आत आहे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि ४:२:२चा प्रश्न तिथेही सुटत नाही. तू प्रीमियरवर आहेस आणि तुझा कॅमेरा सोनीचा आहे. म्हणून तुझ्यासाठी इंटेल. उद्या दोन्ही बदललंस तर मला परत लिही, उत्तरही बदलेल.

दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (दोन्ही क्लिप एकाच वेळी चालवून कापणं) नेहमी करत असशील तर एक पायरी वर बघ. आय५-१२४००मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, त्यात चरक एक. आय५-१२५०० किंवा आय५-१३५००मध्ये यूएचडी ७७० आहे, त्यात दोन. भावात फार फरक पडत नसेल तर १२५०० घ्यायला माझी हरकत नाही. फार पडत असेल तर १२४००च.

आता तुझे साठ हजार कसे लावायचे. नेमके भाव लिहीत नाही, कारण रॅम आणि एसएसडीचे दर हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत बदललेले असतील. राजारामपुरी आणि शाहूपुरी मिळून तीन ठिकाणी लेखी कोटेशन घे. प्रोसेसर एकूण पैशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहिला पाहिजे. रॅम ३२ जीबी, पण १६च्या दोन काड्या, एकच ३२ची नको. दोन काड्यांनी रस्ता दुपदरी होतो, आणि आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं म्हणून त्याला त्याचा जास्त फायदा. पैसे अगदीच कमी पडले तर १६ जीबीवर सुरुवात कर, पण ती ८ आणि ८ अशी घे आणि बोर्डवर चार खाचे असू देत. १२४०० डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतो. बोर्ड मात्र एकाच प्रकारचा असतो, तेव्हा ज्या रॅमचा भाव त्या दिवशी बरा असेल तिचा बोर्ड घे. बी६६० किंवा बी७६०चा बोर्ड बघ. एच६१०ला दोनच खाचे असतात. ३२ जीबी एकदम भरणार असशील तर तोही चालेल.

एसएसडी १ टीबी एनव्हीएमई. विंडोज, प्रीमियर आणि चालू लग्न त्याच्यावर. १०० मेगाबिटची फाईल तासाला ४५ जीबी खाते, १४०ची ६३ जीबी. दोन कॅमेरे सहा तास चालले की पाचशे जीबी गेलेच. म्हणून झालेली लग्नं मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं तेव्हा ज्यांनी सगळं एकाच खोलीत, जमिनीवरच्या कॅबिनेटमध्ये ठेवलं होतं, त्यांच्याकडची लोकांची लग्नं गेली. पैसे परत देता येतात. लग्न परत लावता येत नाही.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, कंजुषी करू नकोस. ८० प्लस ब्राँझ लिहिलेला, ५५० वॅटचा घे, म्हणजे पुढे कार्ड बसवताना तो बदलावा लागणार नाही. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा पंखा पुरतो, ६५ वॅटची चिप आहे. यूपीएस नसेल तर तो आधी. कॅबिनेट साधं, हवा खेळती राहील असं. काचेची दारं आणि लाल-निळे दिवे नकोत.

कार्डाशिवाय काय अडेल हेही खरं सांगते, नंतर मला दोष द्यायला नको. कट, जोड, संगीत, टायटल, साधा रंग, हे सगळं होईल. ल्युमेट्रीचे (प्रीमियरमधलं रंगाचं साधन) थर चढवलेस, नॉइज काढायला गेलीस, ४केवर जड ट्रान्झिशन टाकलीस, की आतलं ग्राफिक्स दमेल. तिथे प्लेबॅकचं रिझोल्यूशन अर्ध्यावर किंवा पावपटीवर ठेव. एक्सपोर्टवर त्याचा काही परिणाम होत नाही. आणि प्रॉक्सी करायला शीक. क्लिप आत घेतानाच प्रीमियर त्यांच्या हलक्या प्रती बनवतं, तू त्यांच्यावर काम करायचं, आणि शेवटी मूळ फाईल आपोआप वापरली जाते. रात्री लावून झोपायचं. एच.२६४च्या ४:२:२वर तुमचं अडलंच, तर हाच रस्ता. हे जमलं तर तुझ्या आजच्या जुन्या मशीनवरही हातातलं काम पुरं होईल, दुकानाची घाई करावी लागणार नाही. कार्ड माघ-फाल्गुनात बघू, सीझनचे पैसे हातात आले की.

ज्या दिवशी कार्ड बसवशील त्या दिवशी एक गोष्ट विसरू नकोस. बरेच बोर्ड कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. मग चरक असून नसल्यासारखा. बायॉसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा इंटर्नल ग्राफिक्स अशा नावाची सोय असते, ती चालू करायची. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया या पानावर हार्डवेअर डिकोडिंगची खूण असते, तिथे इंटेलवर टिक हवी. टिक केल्यावर प्रीमियर बंद करून परत उघड.

दुकानात एकटी जाऊ नकोस, दादाला ने, पण बोलायचं तू, कारण मशीनवर बसणार तू आहेस. पेनड्राइव्हवर तीन क्लिप घेऊन जा: एक ८ बिटची, एक एचएसमधली १० बिट ४:२:२, एक एसमधली १० बिट ४:२:२. खोक्यावरचं नाव स्वतः वाच, १२४०० आणि पुढे काही नाही. बिलावरही तसंच पूर्ण नाव लिहून घे, नुसतं 'आय५ १२वी पिढी' नको. मशीन असेंबल झालं की पैसे देण्याआधी प्रीमियरची ट्रायल टाकायला लाव आणि क्लिपा टाइमलाइनवर ओढ. बाजूला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा, तिथे 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख असतो. पहिल्या दोन क्लिपांना तो आलेख वर चढला पाहिजे आणि सीपीयूचा खाली राहिला पाहिजे. तिसरीला उलटं होईल, ते मी वर सांगितलंच आहे, तेव्हा घाबरू नकोस. पहिल्या दोनमध्ये आलेख हलला नाही, तर पैसे न देता तिथेच बसून राहा आणि बायॉस उघडायला सांग.